उंचीचे तिकीट

नाशिक जिल्ह्यात उंचीला तोटा नाही. पश्चिमेला त्र्यंबकची रांग, उत्तरेला सातमाळा, त्याच्याही वर बागलाणात सेलबारी-डोलबारी आणि दक्षिणेला अहिल्यानगरच्या हद्दीवर १६४६ मीटरचे कळसूबाई. राज्यातला सगळ्यांत उंच गड साल्हेर, तोही आमचाच. या सगळ्या उंच्यांवर जायला आजवर पाय लागत, सोबत लागे आणि बरोबर बांधून घेतलेली भाकरी लागे. आता त्यांच्यापुढे एकेक तिकीटखिडकी उभी राहते आहे. कुठे झिपलाइन, कुठे तारेवरची सायकल, कुठे ट्रॉली, कुठे रोपवेचा आराखडा.

दसरा उलटून गेल्यावर माझी भाची सई पुण्याहून राहायला आली, तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये अशा जागांची यादीच होती. प्रत्येक नावापुढे तिचा एकच प्रश्न: "मावशी, पैसे वसूल होतात का गं तिथे?" मला हा प्रश्न आवडला. ती नुकती कमवायला लागली आहे आणि पगारातला रुपया कुठे जातो हे तिला कळायला हवे आहे. डोंगरावरच्या अनुभवाला पैशाचे माप लावू नये असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण दारात तिकीट ठेवल्यावर ते माप लावायचा हक्क घेणाऱ्याला मिळतोच. म्हणून त्या सुट्टीत आम्ही दोघी हिंडलो ते हा प्रश्न बरोबर घेऊनच.

पहिली जागा इगतपुरीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमधली झिपलाइन. दोन मनोरे, मध्ये ताणलेली तार, कमरेला हार्नेस, डोक्याला हेल्मेट. सईने सहाशे रुपये भरले, बराच वेळ रांगेत काढला आणि मिनिटाच्या आत ती पलीकडच्या मनोऱ्यावर होती. खाली उतरली तेव्हा गाल लाल झाले होते आणि हसू आवरत नव्हते. तिचा आनंद खरा होता, तो मी कमी लेखणार नाही. तोल सुटतो आहे असे शरीराला वाटते, छाती धडधडते, आणि आपण धडधाकट आहोत हे कळल्यावर जे मोकळे वाटते, त्याची ओढ माणसाला लहानपणी झाडावरून उडी मारतानाही असतेच. मी तिला एवढेच विचारले, "खाली काय होतं?" ती थोडा वेळ आठवत राहिली. "गवत असेल," म्हणाली.

तिथे उंची होती, जागा नव्हती. तीच तार सपाट माळावर मनोरे उभारून बांधली असती तरी अनुभवात काही फरक पडला नसता. अशा ठिकाणी आपण सहाशे रुपये देतो ते खरे तर तार तपासणाऱ्या माणसासाठी, दुसऱ्या हुकासाठी आणि तो हुक लावायला शिकलेल्या हातासाठी. साहसी पर्यटन चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असे राज्याचे धोरण ऑगस्ट २०२१ पासून आहे. नोंदणीचा कागद बघायला मागण्यात संकोच कसला? एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर रोपवे बिघडला, लोक दोन दिवस हवेत लटकून राहिले, हवाई दलाला हेलिकॉप्टरने त्यांना सोडवावे लागले आणि त्यात माणसे गेली. तिकिटाचा भाव विचारतो त्याच दमात तारेची तपासणी कधी झाली हेही विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

मग सप्तशृंगीचा गड. या वेळी आई बरोबर होती. आईचे गुडघे गेल्याला बरीच वर्षे झाली. वणीची देवी ही आमची कुलदेवता, पण मधल्या काळात आई गडाच्या पायथ्यापासूनच हात जोडून परतायची. दिंडोरी ओलांडली तसे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. ऑक्टोबर छाटणी चालली होती, काड्यांचे ढीग बांधावर पडले होते. नांदुरीला घाट सुरू होतो, आणि वळणागणिक मार्कंड्याचा डोंगर समोर मोठा होत जातो. गडावर पोचले की गाव लागते, दुकाने लागतात, आणि त्या सगळ्यांच्या मागे सरळ उठलेल्या कड्याच्या पोटात देवीचे मंदिर. तिथवर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या अठराव्या शतकात उमाबाई दाभाड्यांनी बांधवल्या असे सांगतात.

पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८ मध्ये ट्रॉली सुरू झाली. पाटीवर फ्युनिक्युलर असे नाव आहे, पण गडावर तिला ट्रॉलीशिवाय दुसरे नाव नाही. उतारावर घातलेले रूळ, दोराच्या दोन टोकांना दोन डबे, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. उतरणाऱ्या डब्याचे वजन चढणाऱ्याला वर ओढायला मदत करते, त्यामुळे यंत्राला सगळा भार पेलावा लागत नाही. हाँगकाँगच्या डोंगरावर याच तत्त्वावरची गाडी १८८८ पासून चालते. आमच्याकडे ही सोय यायला सव्वाशेहून जास्त वर्षे लागली, आणि आली ती एका देवस्थानाच्या पायरीशी. याचे मला फार बरे वाटते.

सई म्हणाली, "मी पायऱ्यांनी येते." मी आईबरोबर ट्रॉलीत बसले. दोघींच्या तिकिटाला फार पैसे पडले नाहीत, खाली नारळ-ओटीचे ताट घेतले त्याच्याच आसपास. डबा हलला तशी आईने माझे मनगट धरले. बाहेर कडा खाली सरकत होता. तीनेक मिनिटांत आम्ही वर. आमच्या डब्यात एक बाळंतीण होती, मांडीवर महिन्या-दोन महिन्यांचे मूल, आणि कुबड्या घेतलेले एक गृहस्थ. पायऱ्यांनी यांच्यापैकी कोणीच येऊ शकले नसते.

गाभाऱ्यासमोर गेल्यावर आई थबकली. तिच्या डोळ्यांत देवीचे जुने रूप होते, शेंदराच्या जाड थरांनी गोल झालेले, मोठ्या डोळ्यांचे. २०२२ मध्ये देवस्थानाने तो शेंदूर उतरवला. शतकानुशतके चढलेला, हजार किलोच्याही वर. त्याखाली कोरलेली मूळ मूर्ती निघाली, चेहऱ्याची ठेवण आणि अठरा हात वेगवेगळे दिसू लागले. आईला हे ऐकून माहीत होते, पाहिले नव्हते. "अगं बाई, ही किती वेगळी आहे," एवढेच ती म्हणाली आणि बाजूला होईना. मागची रांग ढकलत होती, पण पुजाऱ्याने तिला थोडा वेळ राहू दिले.

पैसे वसूल झाले का, हा प्रश्न त्या दिवशी सईनेही विचारला नाही.

ती घामाघूम होऊन वर आली ती पायऱ्यांवरच्या एका फुलवाल्याची गोष्ट घेऊन. त्याच्या आजोबांपासूनचे दुकान, आणि ट्रॉली झाल्यापासून म्हातारीकोतारी माणसे त्याच्यासमोरून जात नाहीत. तरुण चढतात, पण तरुण वेण्या घेत नाहीत. एका बाजूला सोय झाली की दुसरीकडे कुणाचा तरी गल्ला कमी होतो. अशा दुकानांना ट्रॉलीच्या इमारतीत स्वस्त भाड्याने जागा द्यायला फार मोठा खर्च येईल असे मला वाटत नाही.

मंदिराच्या मागे जो सुळका दिसतो त्याची उंची साडेचार हजार फुटांच्या वर. त्यावर जायला वाट नाही. चैत्रात आणि नवरात्राच्या शेवटी, म्हणजे वर्षातून दोनदा, तिथे देवीचा ध्वज लागतो. तो लावण्याचा मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याकडे आहे, पिढ्यान्‌पिढ्या. ध्वजाचे कापड आणि काठी पाठीशी घेऊन रात्रीच्या अंधारात माणूस त्या कड्यावरून वर जातो, आणि सकाळी खालच्या हजारो लोकांना ध्वज फडकताना दिसतो. आमच्या जिल्ह्यातले सगळ्यांत थरारक चढणे हेच, आणि ते कुणालाही विकत मिळत नाही. सई मान मागे टाकून सुळक्याकडे पाहत होती. "यांना काय मिळतं?" तिने विचारले. आई म्हणाली, "मान मिळतो."

परतताना गाडीत सईने हिशेब मांडायला घेतला. गिरनारचा रोपवे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, २.३ किलोमीटर लांब, सुरुवातीला जाऊन-येऊन सातशे रुपये, करासह त्याहून जास्त. पायऱ्या दहा हजारांच्या घरात. त्या भावाबद्दल तेव्हा बरीच ओरड झाली, आणि ती रास्तच होती, कारण वर जैन मंदिरे, अंबामाता आणि दत्तपादुका आहेत. ज्या म्हाताऱ्या यात्रेकरूला पायऱ्या झेपत नाहीत, नेमका तोच सातशे रुपयांनी अडतो. चौघांचे कुटुंब गेले तर मजुराची आठवड्याची कमाई त्यात जाते. रायगडाचा रोपवे १९९६ पासून आहे. शिवरायांच्या समाधीपुढे उभे राहिलेले किती आजी-आजोबा त्या पाळण्यातून वर आले असतील, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सांगायला नको.

हा हिशेब ऐकताना मला माझी स्वित्झर्लंडची सहल आठवली. तिथे मी एका मराठी सहल कंपनीबरोबर गेले होते. आपल्या लोकांच्या युरोप सहलीत युंगफ्राउयोख असतेच. ३४५४ मीटरवरचे ते रेल्वे स्थानक १९१२ चे आहे. आयगर पर्वताच्या पोटातून बोगदा काढायला सोळा वर्षे लागली. तिकीट दोनशे फ्रँकच्या पुढे, म्हणजे आपले वीसएक हजार रुपये. आमच्या गटातल्या जळगावच्या एका काकूंनी सगळा दिवस तो आकडा घोळवला. पण वर नदीसारखी लांब आलेच हिमनदी पायाखाली पसरलेली दिसली, आल्प्समधली सगळ्यांत मोठी, तेव्हा त्या नऊवारीवर जाडजूड कोट घातलेल्या काकू रेलिंगला धरून उभ्या राहिल्या आणि बसची वेळ झाली तरी हलेनात. मला तेव्हाही वाटले होते, आजही वाटते: तिथे तिकीट घेऊन माणूस अशा ठिकाणी पोचतो जिथे त्याला एरवी जन्मात जाता आले नसते, आणि पोचल्यावर त्याच्यासमोर हिमनदी असते. त्या दिवशी काचेचा तळ आणि झोका असलेले खेळ आसपास होते की नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा नाही.

नंतर हरिहर गडावर आम्ही दोघीच गेलो. त्र्यंबकहून पुढे जंगलातला रस्ता, मग निरगुडपाडा. तिथे वनसमितीची पावती फाडली आणि गावातलाच एक तरुण वाटाड्या म्हणून घेतला. आठशे रुपये ठरले. सईला ते जास्त वाटले. "वाट तर सरळ दिसतेय, मावशी." वाट सरळच आहे. पठारावरून, पिवळ्या पडत चाललेल्या गवतातून, तासाभराहून जास्त चढ. आणि मग खिंडीत येऊन मान वर केली की तो सुप्रसिद्ध जिना समोर येतो.

हरिहरच्या पायऱ्यांचे फोटो आता साऱ्या देशाने पाहिले आहेत. फोटोत न कळणारी गोष्ट म्हणजे त्या पायऱ्या किती विचारपूर्वक खोदल्या आहेत. अखंड कातळ, त्यात एकावर एक शंभराहून जास्त पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला दोन्ही कडांशी हाताच्या बोटांसाठी खोबण्या. शेकडो वर्षांच्या तळहातांनी त्या खोबण्यांची कड गुळगुळीत झाली आहे. पायाला आधार द्यायचा तेवढाच दिला आहे आणि चढणाऱ्याला दोन्ही हात गुंतवावे लागतील असा चढ ठेवला आहे, म्हणजे हातात शस्त्र घेऊन कुणाला वर येता येऊ नये. गड यादवकाळातला मानतात. १६३६ मध्ये शहाजीराजांच्या हातून मोगलांकडे गेला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर या भागातले किल्ले इंग्रजांनी घेतले, आणि कॅप्टन ब्रिग्जने हा जिना पाहून त्याच्या भयंकर चढाचे वर्णन लिहून ठेवले. इतर किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवणाऱ्यांच्या राज्यात हा जिना शाबूत राहिला, हे आपले भाग्य. गडाच्या दुसऱ्या अंगाला जो तुटलेला कडा आहे तो १९८६ मध्ये एव्हरेस्टवीर डग स्कॉट चढला. गिर्यारोहक त्याला तेव्हापासून स्कॉटिश कडा म्हणतात.

वाटाड्या पुढे, मध्ये सई, मागे मी. पहिल्या वीसएक पायऱ्या बोलत गेल्या. मग सईचे बोलणे थांबले. वारा अंगावर येत होता. मी खोबणीत बोटे घातली की थंडगार दगड लागायचा, आणि डोळ्यांसमोर फक्त पुढची पायरी असायची, नाकापासून हातभर अंतरावर. एका जागी सई थांबली. वर जाईना, खाली येईना. वाटाड्याने मागे वळून पाहिले, एक पायरी उतरला आणि हळूच म्हणाला, "ताई, खाली बघू नका, लांबबी बघू नका. हितं बघा, माझ्या टाचंकडं. मी पाय उचलला की तुम्ही उचला." त्याने पाय उचलला. तिने उचलला. असे करत दोघे दरवाजापर्यंत गेले, जिथे शेंदूर लावलेला गणपती आहे.

दरवाजातून पुढे कातळ आतून कोरून काढलेली वाट, वाकून जायची, एका बाजूला दरी. मग आणखी पायऱ्या, पहिल्यांपेक्षा अवघड. वर गेल्यावर तळे, मारुती आणि महादेव, दगडी छपराचे कोठार, आणि शेवटचा छोटा माथा. तिथून सगळे दिसते. ब्रह्मगिरी, अंजनेरी, भास्करगड, उतवड, आणि खाली वैतरणेचे पाणी. वाटाड्या बोट दाखवून एकेक सांगत होता, कुठल्या पाड्यावर त्याची बहीण दिली आहे, कुठल्या झऱ्याला मार्चपर्यंत पाणी असते, कुठल्या रानात पावसाळ्यात कोणती भाजी निघते. सई हे सगळे वहीत लिहून घेत होती. इगतपुरीच्या तारेवरून तिने एक व्हिडिओ आणला होता, इथून तिने आठ-दहा गावांची नावे आणली.

उतरणे अधिक कठीण. "तोंड कातळाकडं ठेवा, शिडी उतरतो तसं," तो म्हणाला. खालून पुण्या-मुंबईचा मोठा जथा चढत होता आणि तोच एक जिना. तो खालच्या वाटाड्यांना हाका मारून त्यांना दरवाजाशी थांबवत होता, वरच्या लोकांना आधी उतरवत होता. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या जिन्यावर माणसामागे माणूस खोळंबल्याची दृश्ये सगळ्यांनी पाहिली आहेत. एकाचा पाय घसरला तर खालचे सगळे कोसळतील. वनखात्याने दिवसाच्या संख्येवर बंधने घातली ती यामुळेच, आणि ती पाळली गेली पाहिजेत. मुंबईच्या ट्रेक कंपन्या माणशी हजार-पंधराशे घेतात. त्यातला बसचा आणि कंपनीचा भाग वजा जाऊन निरगुडपाड्याच्या वाटाड्याला आणि पिठले-भाकरी रांधणाऱ्या बाईला किती पोचते, हे पैसे भरणाऱ्याने विचारायला हवे.

पायथ्याशी भाकरी खाताना सईने पर्स उघडली आणि आठशेचे हजार केले. वाटाड्या दोनशे परत करायला लागला. "नको दादा," ती म्हणाली, "त्या पायरीवर तुम्ही नसतात तर मी अजून तिथेच असते." आईच्या ट्रॉलीचे पैसे आणि या वाटाड्याचे पैसे मला एकाच जातीचे वाटतात. दोन्हींत कुणाला तरी वर नेण्याची जबाबदारी घेतलेली आहे.

सईने मग तो प्रश्न विचारलाच, ज्याची मी वाट पाहत होते. "आजीला ट्रॉलीने इतकं मिळालं, तर मग रोपवे सगळीकडे का नकोत? अंजनेरीचा का नको?"

त्याचे उत्तर मी तिला अंजनेरीवर नेऊनच दिले. त्र्यंबक रस्त्यावर नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर अंजनेरी गाव. पायथ्याशी यादवकाळातल्या मंदिरांचे अवशेष, वर चढताना जैन लेणी, मग विस्तीर्ण पठार, अंजनीमातेचे मंदिर आणि पावलाच्या आकाराचे तळे. हनुमानाचा जन्म इथला अशी श्रद्धा आहे. चढ सोपा नाही पण घरातली धडधाकट माणसे जाऊ शकतात, आणि शनिवारी लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप भेटतात. त्या दिवशी फुले सरत आली होती. याच डोंगरावर सापडलेल्या एका कंदीलपुष्पाची नवी जात म्हणून नोंद २००६ मध्ये झाली आणि तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. पावसाळ्यात गवतात उभे राहणारे वीतभर रोप, त्यावर कंदिलासारखे फूल. पाऊस संपला की ते जमिनीखालच्या कंदात जाऊन बसते. आम्ही ज्या गवतावरून चालत होतो त्याच्या खाली असे कंद निजलेले असणार.

आणि वर, कड्याच्या कपारींत, गिधाडे. लांब चोचीची भारतीय गिधाडे. एक पक्षी पंख न हलवता कड्याच्या कडेने वर आला, आमच्या पातळीला आला, आणि तसाच आणखी वर गेला. उन्हाने तापलेल्या कातळावरून हवा उठते, तिच्यावर तो चढत असतो. सईने हे पहिल्यांदा पाहिले. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे या पक्ष्यांची संख्या देशभर शेकड्याला नव्वदाहून जास्त घसरली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात. आमच्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला मेलेली जनावरे सुरक्षित ठेवून गिधाडांसाठी उपाहारगृह चालवले आहे. गावकऱ्यांनी आणि वनखात्याने मिळून हे पक्षी जपले. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, ते याच पक्ष्यांसाठी आणि त्या फुलासाठी.

या डोंगरावरून ब्रह्मगिरीपर्यंत साडेपाच किलोमीटरहून लांब रोपवे न्यायचा प्रस्ताव केंद्राच्या पर्वतमाला योजनेत आहे. खर्च पावणेचारशे कोटींच्या घरात. २०२७ च्या सिंहस्थाचे निमित्त त्याला मिळाले आहे. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला समजते. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम, अंजनेरीवर अंजनीमाता. ज्यांना चढवत नाही त्यांनाही दर्शन व्हावे, त्र्यंबकच्या तरुणांना काम मिळावे. आईला अंजनीमातेचे दर्शन घडावे असे मलाही वाटते. पण सप्तशृंगीवर ट्रॉली आली तेव्हा तिथे आधीच रस्ता होता, वस्ती होती, पायऱ्या होत्या, आणि रूळ घातले ते तेवढ्याच छोट्या उतारावर. इथे मनोऱ्यांचे पाये पठारावर आणि कड्यांवर खणावे लागतील, त्यासाठी यंत्रे वर न्यावी लागतील, आणि दोर ताणले जातील ते नेमके त्या हवेतून जिच्यावर गिधाडे चढतात. जड पंखांचा, सरळ तरंगत येणारा पक्षी आडव्या तारेसमोर ऐन वेळी वळू शकत नाही. दिवसाला हजारोंनी माणसे पठारावर उतरली की त्यांच्यासाठी पाणी, दुकाने, कचऱ्याच्या गाड्या येतील. त्या कंदांवरून मग कोण चालेल याला काही मर्यादा राहणार नाही.

तिकीट दोनशे ठेवा की दोन हजार, ही किंमत त्यावर छापता येत नाही. ती भरणारा वेगळाच असतो. मेळघाटाच्या कुशीत चिखलदऱ्याला चारशेसात मीटरचा काचेचा स्कायवॉक बांधायला घेतला, तो वन्यजीव परवान्यापाशी अडला, तेव्हा पर्यटन थांबले म्हणून हळहळणारे खूप होते. मला मात्र परवाना विचारणारे कुणीतरी आहे याचा दिलासा वाटला. हरिहरच्या जिन्यापुढे काचेचा पूल काय थरार देणार? ज्यांनी तो कातळ छिन्नीने खोदला त्यांचे काम चढणाऱ्याला अजून पुरते.

"मग आजीचं काय?" सई अडून बसली. तिला सुटे उत्तर नको होते. मी तिला म्हटले, पावणेचारशे कोटींतला थोडा भाग अंजनेरीच्या पायऱ्या नीट करण्यावर, कड्याच्या बाजूच्या कठड्यांवर, वाटेतल्या पाण्यावर आणि गावातल्या तरुणांना डोली वाहायचे व प्रथमोपचाराचे शिक्षण देण्यावर घाला. चार माणसांना खांद्यावरून नेण्याचे पैसे मिळतील, आणि आईसारखी माणसे वर जातील. डोलीचा दर ट्रॉलीपेक्षा पुष्कळ जास्त पडेल हे खरे. तो देवस्थानाने किंवा सरकारने ज्येष्ठांसाठी उचलावा. पर्वतावर माणसे नेण्याचा याहून कमी नासधूस करणारा मार्ग मला तरी सुचत नाही, आणि कुणाला सुचला तर मी ऐकायला तयार आहे.

सईने गाडीत बसल्या बसल्या पुढची सुट्टी ठरवून टाकली. साल्हेर. १५६७ मीटर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तो आहे, त्यामुळे बागलाणात आता गाड्यांची रीघ लागणार आणि कुणीतरी तिथेही रोपवे मागणार. त्याआधी जायचे असे तिचे म्हणणे. सटाण्याला ओळखीच्या एका शिक्षकांना फोन करून तिने वाटाड्याचा दर विचारला. "द्या काय द्यायचं ते," असे उत्तर आले. तिला ते पटले नाही. दर ठरलेला असावा, गावाच्या फलकावर लिहिलेला असावा, त्यात वाटाड्याचा विमा असावा, असे ती फोनवर बराच वेळ त्यांना सांगत होती, आणि सर पलीकडून हो, हो म्हणत होते. वाघांब्याच्या बाजूने चढायचे की साल्हेरवाडीच्या, यावर आमचे दोघींचे अजून एकमत झालेले नाही.